शेजारच्याचं ताट

उन्हाळी शिबिराच्या शेवटच्या दिवशी आम्हा मोठ्यांनाही जेवायला बोलावलं होतं. तिथला नियम असा, की आपलं ताट आपण घासायचं नाही, शेजारच्याचं घासायचं. आधी जेवलेली मुलं नळाशी उकिडवी बसून निमूट घासत होती आणि आईबाप मोबाइल उंचावून गहिवरत होते. माझी भाची ईशा कुणाच्या तरी ताटातली वाळलेली आमटी खरवडत होती. "घरी पाण्याचा पेला उचलत नाही," तिची आई, माझी धाकटी बहीण, कौतुकानं म्हणाली.

मग आम्ही जेवलो आणि ताटं तशीच टाकून उठलो. कुणाच्या ताटात पापडाचा चुरा, कुणाच्या ताटात चघळलेल्या शेंगा. ईशानं राखेनं माखलेला काथ्या आईपुढे धरला. "आई, तू मावशीचं घास."

"अगं, ते तुम्हा मुलांसाठी असतं," बहीण हसली. आजूबाजूचेही हसले.

त्या हसण्याची मला शिसारी आली. नम्रता म्हणजे आम्हाला गोवरची लस वाटते, पोरांना टोचून आणली की झालं. उद्या ही पोर सगळं विसरली, तर शिबिरालाच नावं ठेवू.

ईशानं काथ्या मागे घेतला. तिचं विसरणं तिथंच सुरू झालं.