कंपनीच्या खोक्यातला लोकल फिल्टर

आमच्या घरी मोटार आली ती दादाच्या हौसेने. सेकंडहँड, पांढरी, मागच्या सीटची स्प्रिंग टोचणारी. साकोली तालुक्यातल्या आमच्या गावात धानाच्या बांध्या, तलाव आणि बैलबंड्या सोडून मिरवण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे दादा गाडीत मान ताठ करून बसायचा आणि मी त्याच्या बाजूला खिडकीबाहेर कोपर काढून. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी सव्वीस वर्षांचा, दोन वर्षांच्या एका मुलीचा बाप, आणि पक्का कामचुकार.

गाडीसाठी दादाने गावातलाच एक ड्रायव्हर ठेवला होता. चाळिशीचा, नागपुरात ट्रकवर राबून आलेला, सहीच्या जागी अंगठा उठवणारा. पण इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कुठे काय बिघडलंय ते सांगायचा. गाडीतलं काहीही निघालं की दादा आधी त्याला विचारायचा, सख्ख्या भावाला नाही. मला तो माणूस आवडत नव्हता, आणि कारण एवढंच होतं.

दसऱ्याला गाडीची पूजा असायची आणि ती झाली की इंजिनाचं ऑइल बदलायचं, हा आमच्या घरचा नेम. नवा ऑइल फिल्टरसुद्धा खोक्यासकट देवापुढे ठेवला जाई, खोक्याला हळदकुंकू लागे, आणि फिल्टर गाडीत गेला तरी ते पुजलेलं खोकं दिवाळीपर्यंत देवघरातून हलत नसे. त्या वर्षी फिल्टर आणायला दादाने मला साकोलीला पाठवलं. निघताना ड्रायव्हरने दोनदा बजावलं, कंपनीचाच आणा, लोकल आणू नका.

दुकानदार म्हणाला, कंपनीचा संपलाय, भंडाऱ्याहून मागवावा लागेल, परवा या. परवा पुन्हा बसचे धक्के खायचे माझ्या जिवावर आलं. लोकल दे म्हणालो. त्याने लोकल काढला, आणि मी न सांगताच फळीवरचं कंपनीचं एक रिकामं खोकं उचलून त्यात घातला. आमच्या भागात गिऱ्हाईक खोकं बघून माल घेतं, हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. पैशाचा मोह नव्हता, नुसता आळस होता. खोकं काखेत मारून मी परतलो.

पूजा झाली. ड्रायव्हरने फिल्टर बाहेर काढला, कागदाच्या घड्यांवरून अंगठा फिरवला, वास घेतला आणि म्हणाला, "भाऊ, हा कंपनीचा नाही वाटत. गोंद कच्चा हाय."

अंगणात घरची, शेजारची दहा-बारा माणसं होती. मी खोकं त्याच्या नाकापुढे धरलं आणि म्हणालो, "काय लिहिलं हाय वाच. नाही येत वाचता? मंग गुमान बसव." माणसं हसली. त्याने खाली मान घालून फिल्टर बसवला. मला फार बरं वाटलं.

दिवाळीच्या आधी दादा सासुरवाडीला, आंधळगावला, निघाला; मीही सोबत होतो. मोहाडी ओलांडली आणि इंजिन ठोकायला लागलं. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेईपर्यंत ते जाम झालं. शेवटी गाडीला एका शेतकऱ्याची बैलजोडी जुंपली, आणि दादा सासऱ्याच्या दारात उतरला तो बैलांनी ओढलेल्या मोटारीतून. पोरंसोरं मागे ओरडत होती. दादाचं तोंड मी तसं पुन्हा कधी पाहिलं नाही. तिथल्या मिस्त्रीने फिल्टर उघडला तर आत कागदाचा नुसता लगदा. लोकल माल आहे, गोंद सुटून कागद ऑइलच्या वाटेत बसला आणि बेरिंगं गेली, असं त्याने सांगितलं.

घरी आल्यावर दादाने मला विचारलं. मी देवघरातून खोकं आणलं. कंपनीचं नाव, वर हळदकुंकू, सगळं जागच्या जागी. "मी कंपनीचाच आणला होता. बसवला कोणी, त्याले विचार," मी म्हणालो. एवढं पुरलं. ड्रायव्हरने चांगला फिल्टर विकून लोकल घातला, हे अर्ध्या तासात गावभर झालं. पूजेच्या दिवशी तोच कच्चा गोंद म्हणाला होता, हे ऐकणारी दहा-बारा माणसं होती. एकानेही त्याची बाजू घेतली नाही. उलट, आधीच बोंब मारून ठेवली लेकाने, असं म्हणाले.

मारुतीच्या पारावर माणसं जमली. ड्रायव्हरची दहा वर्षांची पोरगी बापाला शोधत आली होती. दादा त्याला म्हणाला, हिच्या डोक्यावर हात ठेव आणि कसम खा, मग तुला कामावर ठेवतो. भाकरी आणि अब्रू दोन्ही त्या एका हातावर होत्या. त्याने हात उचलला नाही.

"मी खरा हाव," तो म्हणाला. "पण लेकराच्या डोक्यावर कसम नाही खात. फिल्टरसाठी लेकरू काहून मधात आणता?"

झालं. खरा असता तर खाल्ली असती, असं जो तो म्हणाला. मग एक म्हातारा म्हणाला, लहान्या भावालाही कसम खाऊ द्या. गर्दीत उभ्या असलेल्या बायकोच्या कडेवरून मी मुलीला घेतलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात कसम खाल्ली. मुलगी माझ्या सदऱ्याची गुंडी ओढत होती.

दादाने त्याला काढून टाकलं. तालुक्यात कोणी त्याच्या हाती स्टेअरिंग दिलं नाही. तो साकोलीला आरागिरणीवर लाकडं उचलायला लागला. त्याच्या पोरीला शाळेत पोरं चोराची म्हणायची, तिने शाळा सोडली. हे सगळं मला वेळोवेळी कळत होतं, आणि मी जेवत होतो, झोपत होतो.

सात-आठ वर्षांनी साकोलीच्या स्टँडवर तो समोर आला. खांद्याला घट्टे, केस पांढरे. मी तोंड फिरवलं, तर तोच जवळ आला.

"पोरगी बरी हाय नं, भाऊ?" त्याने विचारलं.

टोमणा मारतोय असं वाटून मी गुरकावलो, कोणती पोरगी?

"तुमची. कसम खाल्ली होती नं तुम्ही. मले लय भेव वाटे. शनवारी मारुतीले तेल वाहतो तं तिचं नाव घेतो, तिले काही होऊ नोको म्हून."

टोमणा नव्हता. त्याचा चेहरा बघून ते कळत होतं, आणि त्याचाच मला भयंकर राग आला. बरी आहे, चौथीत आहे, एवढं बोलून मी बसमध्ये चढलो. तिला काही होईल, हे माझ्या मनात इतक्या वर्षांत एकदाही आलं नव्हतं. दादाला खरं सांगावं असं वाटेभर वाटत राहिलं आणि घरी पोचल्यावर मी जेवायला बसलो. आता दादा नाही, तोही नाही. दोघं जाईपर्यंत मी थांबलो.