एकसष्टावी पुडी

पुंडलिकनगरातल्या धम्मपाल दाभाड्यांना कुणी विचारलं, काय करता, तर ते सरळ सांगत, फुलपाखरं. लोक हसायचे. हसणाऱ्यांना काय ठाऊक! कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी तीस वर्षं परिचर म्हणून काढली. प्राध्यापक आले नि गेले, पण फुलपाखराचा पंख न मोडता टाचणी लावायची म्हटली की हाक एकच, दाभाडेमामांना बोलवा.

विभागाच्या कपाटात परदेशी फुलपाखरांचा एक खण होता. तो किड्यांनी कधीच फस्त केला होता. नव्या प्राचार्यांनी त्यात प्रिंटरचे कागद ठेवले तेव्हा मामांचं डोकं असं फिरलं, की निरोप समारंभात शाल घेता घेता सगळ्यांसमोर बोलून बसले, हा खण मी भरून देणार. प्राचार्य म्हणाले, जरूर भरा, पण कागदपत्रं चोख हवीत. एक कागद कमी असला तरी नमुना दारातून आत येणार नाही.

मुलगा सत्यम मलेशियात नोकरीला. त्यानं आठ महिने खेटे घातले, तेव्हा तिथला पकडायचा नि बाहेर न्यायचा परवाना निघाला. इथला आणायचा मामांनी स्वतः मिळवला. मग नवरा-बायको विमानात बसले. महिनाभर मामा जाळं घेऊन रानवाटा तुडवत होते. साठ फुलपाखरं, साठ त्रिकोणी कागदी पुड्या, प्रत्येकीवर जागा नि तारीख, आणि तशीच साठांची यादी. एवढं नेटकं काम त्या परवान्यावाल्यांनीही पाहिलं नसेल.

आता मनकर्णाबाईंचं ऐका. नवऱ्यासोबत राहून त्यांना सवयच लागलेली. मेलेलं फुलपाखरू कुठंही दिसो, पाण्याच्या टाकीवर, नाही तर माहेरी पाचोडला जाताना एसटीच्या काचेपाशी, बाई त्याची पुडी बांधणार नि घरी आणून मामांपुढं ठेवणार. निघायच्या सकाळी सत्यमच्या गॅलरीत एक पडलेलं दिसलं. तळहाताहून मोठं, काळंभोर, पंखांवर पोपटी झळाळी. बाईंनी पुडी बांधली नि गुपचूप मामांच्या पुड्यांच्या डब्यात सारली. घरी गेल्यावर बघतील नि खूश होतील, एवढाच हिशेब.

मुंबईच्या विमानतळावर कस्टमपुढं जायच्या आधी मामांनी यादी ताडून पाहिली. साठ झाल्या, तरी एक उरली. त्यांनी ती उघडून उजेडाकडं धरली. उभ्या जन्मात असलं फुलपाखरू त्यांनी हातात धरलं नव्हतं.

बाईंनी खरं काय ते सांगितलं, मग हळूच म्हणाल्या, "माझ्या पिशवीत टाका की. कोण बघतंय?"

खरंच कुणी बघत नव्हतं. मामांनी एकदा पिशवीकडं पाहिलं, एकदा डब्याकडं. सांगावं तर साठच्या साठ जप्त व्हायची भीती. तरी ते उठले आणि ती पुडी वेगळी धरून काउंटरवर गेले.

अधिकारी बाई तरुण होती. तिनं विचारलं, गुपचूप नेता आलं असतं, मग सांगितलं कशाला?

मामा म्हणाले, "मॅडम, या साठांचा कागद हाय माझ्यापाशी. हिचा नाय. हिला आत घातली तर बाकीची साठ बी चोरीचीच होत्यात."

दोन तास त्यांना बसवून ठेवलं. फोन झाले, परवाने तपासले गेले. मनकर्णाबाई सारखा पदर डोळ्यांना लावत होत्या, माझ्यापायी गेलं सगळं म्हणत होत्या. शेवटी ती एक पुडी सरकारजमा झाली आणि साठ सुटल्या. अधिकारी बाई उठून उभी राहिली नि डबा तिनं दोन्ही हातांनी मामांना दिला. मामांची मान त्या क्षणी अशी ताठ झाली, जशी निरोपाच्या शालीनंसुद्धा झाली नव्हती.

खण भरला. प्राचार्यांनी कागद तपासले, एकही कमी निघाला नाही. उद्घाटनाला मामा बाईंना घेऊन गेले. काचेखाली साठ फुलपाखरं पंख पसरून बसलेली, आणि मधोमध एक जागा मोकळी. तिथं नुसती टाचणी, आणि खाली मामांच्या अक्षरात चिठ्ठी. प्रौढांच्या वर्गात शिकलेल्या बाईंनी ती एकेक अक्षर लावत वाचली.

'सापडलं: मनकर्णाबाई दाभाडे यांना. परवाना नव्हता, म्हणून इथं नाही.'

पोरं गोळा झाली होती. इथं काय होतं, कुणीतरी विचारलं. मामा तोंड उघडणार, तोच बाई पुढं सरकल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे माझं हाय."