सुभेदार, मी आणि नागपूरची बस

आमच्या कुत्र्याला मराठी उत्तम यायची. त्याची अडचण केली ती हिंदीनं.

कुत्र्याचं नाव सुभेदार. ते माझ्या वडिलांनी ठेवलं, कारण तो दिवसभर ओसरीवर पडून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असा पाही की पाहुणा मुकाट्यानं वहाणा कोपऱ्यात नीट लावून ठेवायचा. मी तेव्हा सौंसरच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. माणसाला आणि जनावराला शिस्त लावण्यात आपला हातखंडा आहे, असा माझा ठाम समज होता. वर्गातली पोरं माझं ऐकत नसत, म्हणून ही हौस मी सुभेदारावर भागवली. गुळाचा खडा दाखवून दाखवून त्याला दोन शब्द शिकवले. ‘बस’ म्हटलं की बसायचं, आणि ‘चाल’ म्हटल्याशिवाय उठायचं नाही. शब्द कोणाच्याही तोंडून आला तरी तो मानायचा. (हा त्याचा मोठेपणा. मी मात्र सगळीकडे सांगत असे की तो फक्त माझाच आवाज ओळखतो.)

दर रविवारी आम्ही दोघं टेकड्या चढायला निघायचो. फडक्यात भाजी-भाकर, थैलीत संत्री, हातात काठी, आणि सुभेदाराची दोरी माझ्या कमरेला पक्की बांधलेली. दोरी कमरेला बांधली की हात मोकळे राहतात, ही युक्ती माझी स्वतःची होती आणि मला तिचा फार अभिमान होता. आमच्याकडे टेकडीवर जायचं ते लाकडं आणायला, शेळ्या चारायला, नाही तर देवाला. उगीच चढायचं, वरून चारी दिशांना पाहायचं आणि खाली यायचं, हे गावाला काही पटेना. माझं टेकडीवर काही हरवलं आहे का, असं लोक काळजीनं विचारायचे. आईचं म्हणणं असं की पोराचं वेळेत लग्न झालं असतं, तर ते कुत्र्याच्या मागं रानोमाळ फिरलं नसतं. मी तिला समजावत असे की कुत्रा माझ्या मागं फिरतो. त्यानं तिचं समाधान होत नसे.

अशात राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि सकाळी नागपूरला संत्री विकून संध्याकाळी घरी येणारी माणसं रोज परराज्यात जाऊन येऊ लागली. कचेरीत हिंदी वाढली, पाट्यांवर वाढली, मग हळूच आमच्या ताटापर्यंत आली. जेवताना ‘पुरे’ म्हणणारे लोक ‘बस’ म्हणू लागले. ज्या गाडीला आमचे वडील मोटार म्हणायचे, तिलाही आता सगळे बस म्हणायचे. एकाच शब्दावर तीन कामं पडली. यात धोका काय आहे, हे भूगोलाच्या मास्तराच्या लक्षात आलं नाही. (ओसरीवर सुभेदार आधीच पडलेला असायचा, त्यामुळे घरात कोणी काहीही म्हटलं तरी फरक दिसत नव्हता!)

पुढच्या हिवाळ्यात पांढुर्ण्याच्या श्यामराव मामांनी माझ्यासाठी नागपूरचं स्थळ आणलं. मुलीचं नाव कुमुद, मॅट्रिक झालेली. तिचे वडील भाऊसाहेब, नागपूरच्या मोठ्या कचेरीत कारकून. राजधानी भोपाळला गेल्यापासून त्यांचं जगावरून मन उडालेलं. मुलगी सौंसरला द्यायला त्यांची एकच हरकत होती. ते मामांना म्हणाले, "कालपर्यंत दिली असती, श्यामराव. पण आता दुसऱ्या राज्यात पोरगी कशी द्यायची?"

मामा हार मानणारे नव्हते. त्यांनी माझं असं वर्णन केलं की ऐकून मलाच माझा हेवा वाटला. मुलगा पहाड चढतो, रानात एकटा फिरतो, त्याचा कुत्रा पलटणीतल्या शिपायासारखा हुकूम मानतो, वगैरे. शेवटी असं ठरलं की भाऊसाहेब, त्यांची बहीण आणि कुमुद आमच्या टेकड्यांजवळच्या जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला येतील, आणि जमलंच तर मुलालाही पाहून घेतील. परतायचं मात्र संध्याकाळच्या शेवटच्या बसनंच. मामांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "हे पाह्य मधू, बस चुकली तर पोरीले आपल्या घरी मुक्काम करावा लागंल. सोयरीक ठरायच्या आधी पोरगी नवऱ्याच्या घरी राह्यली, तर नागपूरचे लोक काय म्हणतील? भाऊसाहेब पुन्हा आपल्या दारात पाय नाही ठेवणार."

मी म्हटलं, काळजी करू नका. त्या टेकड्यांची मला खडा न् खडा माहिती आहे.

दर्शन झालं. देवळाजवळच्या झाडाखाली आईनं आणलेला डबा उघडला आणि आग्रह सुरू झाला. भाऊसाहेबांनी ताटावर हात आडवा धरून "बस, बस" म्हटलं, आणि शेपटी हलवत उभा असलेला सुभेदार ताडकन बसला. कुमुदच्या आत्याबाईंनी वडा नाकारताना "बस" म्हटलं, तेव्हा तो आणखी ताठ झाला. आम्ही इतके जण जेवत असताना कुत्रा एका जागी बसून राहतो, ताटाकडे झेपावत नाही, हे पाहून भाऊसाहेब गार झाले. "याले शिस्त आहे बरं," ते म्हणाले. मी नम्रपणे मान खाली घातली. कुमुदनं सुभेदाराला आणि मग मला नीट पाहून घेतलं.

खूश होऊन भाऊसाहेबच म्हणाले की चला, तुमची टेकडी दाखवा. मी सुभेदाराला ‘चाल’ म्हटलं, त्याची दोरी कमरेला बांधली आणि पुढे झालो. मामा म्हणाले की माझे गुडघे दुखतात, मी सडकेवर बसची वाट पाहतो. आई मंदिरातच राहिली.

अर्ध्या चढावर आत्याबाईंना दम लागला. त्या म्हणाल्या, "बस झालं बापा आता." सुभेदार जागच्या जागी बसला. मी ऐटीत पुढचं पाऊल टाकलेलं, त्यामुळे दोरी ताणली गेली आणि मी मागच्या मागे धोंड्यावर आपटलो. पाहुण्यांसमोर माझा कुत्रा ऐकत नाही, असं मी कसं म्हणणार? मी उठलो, धोतर झटकलं आणि शांतपणे सांगितलं की पुढं घसरण आहे, कुत्र्याला ती आधीच कळली. भाऊसाहेबांनी सुभेदाराला मनोमन नमस्कार केला आणि मी कुत्र्याला ‘चाल’ म्हटल्यावर आम्ही वळसा घालून दुसऱ्या वाटेनं गेलो.

भाऊसाहेबांची सारी नोकरी हिंदी साहेबांच्या हाताखाली गेलेली. त्यांचं एक वाक्य ‘बस’शिवाय पुरं होत नसे. "बस, थोडंच राहिलं," ते म्हणायचे, की सुभेदार बसायचा. मी म्हणायचो, साप असेल. पुन्हा वळसा. "बस, इतकाच चढ," की सुभेदार पुन्हा खाली. यावेळी मी अस्वल सांगितलं. (अस्वल त्या टेकडीवर कोणी पाहिलेलं नव्हतं, पण सापानंतर मुंगूस सांगणं मला कमीपणाचं वाटलं.) आत्याबाईंनी मारुतीचा धावा सुरू केला, आणि आम्ही इतका मोठा फेरा घेतला की माझी सगळी माहितीची टेकडी मला अनोळखी दिसू लागली. ऊन उतरायला लागलं होतं. मी काठीनं उगीच पुढची वाट दाखवत राहिलो.

एकदा मागं वळून पाहिलं तर कुमुद सुभेदाराशेजारी उभी होती. तिनं अगदी हलक्या आवाजात काही तरी म्हटलं, आणि तो बसला. मग आणखी काही म्हटलं, तो उठला. तिनं पदर तोंडाशी धरला. मला वाटलं, तिला माझ्या धीटपणाचं कौतुक वाटतंय.

उतरून आम्ही संत्र्यांच्या बागांपाशी आलो तेव्हा सूर्य कलला होता. सडकेवर जायला एकच वाट, दोन बागांच्या मधल्या धुऱ्यावरून. एका वेळी एकच माणूस मावेल इतका तो बांध, आणि दोन्ही बाजूंना बोरीच्या काट्यांचं कुंपण. कुमुद पुढं निघून गेली होती. मग सुभेदार, दोरीला मी, माझ्या मागं भाऊसाहेब आणि आत्याबाई. तेवढ्यात दूर धूळ उडाली, आणि सडकेवरून श्यामराव मामांनी हात हलवत आरोळी ठोकली, "बस! बस येऊन राहिली! बस!"

सुभेदार धुऱ्याच्या मधोमध बसला.

मी ‘चाल’ म्हटलं, तो उठला. मागून भाऊसाहेब ओरडले, "चला लवकर, बस आली!" तो बसला. मी पुन्हा ‘चाल’ म्हटलं. आत्याबाई कळवळून म्हणाल्या, "बस जाईल गं बाई!" तो पुन्हा बसला. मामा तर तिकडून जप केल्यासारखे बस, बस, बस करत होते. आधीच बसलेल्या कुत्र्यानं आणखी किती बसायचं? शेवटी बिचारा आडवाच झाला. मी त्याला उचलायला वाकलो, तर धोतर काट्यात अडकलं. माझ्या डोळ्यांसमोर कुमुद आमच्या घरी मुक्कामाला, नागपुरात बोभाटा आणि भाऊसाहेबांची पाठमोरी आकृती, असं सगळं एकदम उभं राहिलं. आता घसरण, साप आणि अस्वल यांपैकी काहीही सांगून भागणार नव्हतं.

पुढून कुमुद वळली. त्या दिवसातलं तिचं पहिलं मोठ्यानं बोललेलं वाक्य ते. "बाबा, तो शब्द नका म्हणू. कुत्रा बसते."

"कोणता शब्द?"

"बस," ती म्हणाली. सुभेदारानं कान खाली केले.

"अगं, मग ‘बस’ले काय म्हणू?" भाऊसाहेब म्हणाले.

"मोटार म्हणा," कुमुद म्हणाली. "आणि मास्तर, तुम्ही काहीच म्हणू नका."

तिनं पुढं धावत "चाल, सुभेदार, चाल!" म्हटलं, आणि आमचं शिस्तीचं जनावर असं सुटलं की धोतराचा एक तुकडा काट्यावर ठेवून मी त्याच्यामागं फरफटत निघालो. भाऊसाहेब "मोटार! मोटार!" करत मागून येत होते. बऱ्याच दिवसांनी त्या रस्त्यावर कोणी तो शब्द उच्चारत होतं, म्हणून असेल, ड्रायव्हरनं काही लक्ष दिलं नाही.

आम्ही सडकेवर पोचलो तेव्हा बस हलायला लागली होती. आत गर्दी खच्चून. कंडक्टर दारात उभा राहून हात आडवा करून म्हणाला, "बस, बस, अब जगह नहीं!"

सुभेदार तेव्हा नेमका चाकासमोर पोचला होता. तिथंच बसला.

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. भोंगा वाजवला, शिव्या दिल्या, कंडक्टर खाली उतरून "हटो" म्हणाला. पण ‘हटो’ हा शब्द काही मी शिकवलेला नव्हता. मी तोंड उघडलं तेव्हा कुमुदनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. त्या गडबडीत तिनं आत्याबाईंना आत ढकललं, वडिलांना आत घेतलं, स्वतः चढली. मग खिडकीतून मान बाहेर काढून ती प्रेमानं म्हणाली, "चाल, सुभेदार."

तो उठून बाजूला झाला. बस निघाली. आणि ‘चाल’ म्हणणारी ज्या दिशेला गेली त्या दिशेला आपणही जायचं, हा सुभेदाराचा सरळ हिशोब! तो बसमागे पळत सुटला. दोरी माझ्या कमरेला. माझ्या युक्तीप्रमाणे हात मोकळे होते, ते मी हवेत हलवत होतो. मागच्या काचेतून भाऊसाहेबांना वाटलं, जावई किती अगत्यानं निरोप देतोय. अखेर मी जीव एकवटून ‘बस’ ओरडलो. तो बसला आणि मी त्याच्यावरून पुढं पडलो.

त्यानंतर नागपूरहून काही कळेना. आईनं माझ्याशी बोलणं सोडलं आणि सुभेदाराला दूध-भाकर द्यायला लागली. मी मनातून पार खचलो होतो. खरं सांगायचं तर काटेरी धुऱ्यावर ‘काहीच म्हणू नका’ म्हणणारी ती मुलगी मला फार आवडली होती. शेवटी एका दुपारी श्यामराव मामा आले, घंगाळातल्या पाण्यानं पाय धुतले, सावकाश पाटावर बसले आणि म्हणाले की काम झालं. भाऊसाहेबांना आता दुसरं राज्यही चालतं. पोरगी म्हणते, द्यायची तर तिथंच द्या.

मी छाती पुढं काढली. माझ्यातलं नेमकं काय आवडलं, ते मामांना विचारलं.

मामा म्हणाले, "मीही विचारलं तिले. म्हणे, कुत्र्याले शिकवून झालेलं आहे. आता मास्तरले शिकवणं राहिलं."

ती शिकवणी अजून चालू आहे. मी वर्गात पहिला येतो, कारण वर्गात मी एकटाच आहे.