सवयीची सही

आमच्या अमरावतीच्या गल्लीतले भाऊसाहेब दोनदा आमदार झाले, त्यातली तीन वर्षे मंत्री होते. बासष्टच्या निवडणुकीत ते पडले, तरी लोक शिफारशीची चिठ्ठी मागायला येतच.

शेजारच्या विधवा मास्तरीणबाईंची दूर तेल्हाऱ्याला बदली झाली. घरी सासू अंथरुणाला खिळलेली. बाई चिठ्ठीसाठी भाऊसाहेबांकडे गेल्या तेव्हा मी तिथेच होतो.

"माही चिठ्ठी पायली तर तुमाले तेल्हाऱ्याच्याही पुढं धाडतीन," ते म्हणाले. "अर्ज लिवून देतो."

अर्ज मुद्देसूद झाला. पण खाली त्यांनी सवयीने 'मंजूर' लिहून स्वतःची सही केली.

"भाऊसाहेब, मंजूरबी करून टाकला!" बाई हसल्या.

ते हसले नाहीत. नवा कागद घेऊन त्यांनी सगळा अर्ज पुन्हा लिहिला.

"आता सही तुमी करा. उद्या मी तुमच्यासंगं येतो."

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या रांगेत त्यांचा नंबर सतरावा होता.