उतरणीचा खांदा

गुडघेदुखी हे म्हाताऱ्यांचं दुखणं, असा आमच्या भाजे गावात सगळ्यांचा समज. त्यामुळे ऐन पंचविशीत माझा उजवा गुडघा सुजून टम्म झाला, तेव्हा कुणाला खरंच वाटेना. "लचकला आसंल," म्हणून जो तो मोकळा व्हायचा. लचकलेला गुडघा आठवड्यात बरा होतो. माझा वर्ष झालं तरी कुरकुरतच होता.

मी डोली उचलायचो. पावसाळ्यात घरचं भात, आणि थंडी पडली की कार्ल्याची लेणी बघायला येणारे मुंबईचे शेटजी, साहेब आणि त्यांच्या मडमा. वेताच्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधलेले आणि त्याखाली आम्ही चौघं. पुढे डावीकडे माझा थोरला चुलतभाऊ, उजवीकडे मी. वाट पुढच्यांनी बघायची आणि "दगड", "वळण" असं मागच्यांना ओरडून सांगायचं. चौघांचं पाऊल जमलं तर वर बसलेल्याला डुलकी लागते. मला त्या कामाचा गर्व होता आणि तो मी लपवतही नसे. शेतात माझ्यासारखे छप्पन्न होते, पण दांडीखालची ती जागा माझी होती.

गुडघा धरला तसे घरगुती इलाज सुरू झाले. निरगुडीच्या पाल्याचा शेक झाला, बिब्बा झाला, शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्यानं तापल्या सळईची डागणी दिली. डागणीची जखम भरली, दुखणं जागचं हललं नाही. सकाळी पाय सरळ होईना. परसाकडे उकिडवं बसायचं तर डोळ्यांत पाणी यायचं. जवान माणसानं हे सांगावं तरी कुणाला?

माझे जोडीदार मात्र सोन्यासारखे. चुलतभाऊ म्हणाला, "चढ आमी वडतो. तू रिकामा वर ये आन् उतरताना निस्ता खांदा दे. उताराला काय, पाय आपसूक पडत्यात." चढाला त्यांनी कुसगावचा एक नवा गडी घेतला. मला इतकं बरं वाटलं, की त्या रात्री मी आईला त्यांच्या नावानं गूळ वाटायला लावला. पुढचे दोन हिवाळे मी फक्त ओझं घेऊन उतरत राहिलो.

गुडघा बरा व्हायचा सोडून वाजायला लागला. तेव्हा कुठे लोणावळ्याच्या बाजारातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुडघा दोन्ही हातांत धरून हळूच वाकवला आणि काम काय करतोस म्हणून विचारलं. मी जरा ऐटीतच सांगितलं, की चढ सोडलाय, आता नुसता उतार करतो.

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. "अरे, चढानं दम लागतो. गुडघा खातो तो उतार. खाली टाकलेल्या प्रत्येक पावलाला सगळा भार तिथं येतो. आतली गादी झिजली आहे तुझी. ती काही परत यायची नाही."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. बरं, रागवावं तरी कुणावर? त्यांनी माया केली होती.

डॉक्टरांनी ओझं आणि उतार बंद केला. पट्टा बांध, पाय लांब करून बसल्या बसल्या उचलत जा, रोज सपाटीवर चाल, असं सांगितलं. आमच्याकडे सपाट म्हणजे भाताची खाचरं, नाहीतर मळवली स्टेशनाचा फलाट. मी फलाटावर येरझारा घालायचो. "का रं, गाडी चुकली का?" म्हणून लोक चेष्टा करायचे. हळूहळू सूज ओसरली, आणि पुढच्या थंडीला आपली जागा परत घ्यायची, असं मी मनात पक्कं केलं.

चैत्रात आईनं मला घेऊन वर लेण्यांपाशी कार्ल्याच्या देवीला माझ्या पायाचा नवस बोलायचं ठरवलं. मला चढवत नव्हतं, तर जोडीदार म्हणाले, "आमी कशाला हाय मग?" आणि मला त्याच खुर्चीत बसवलं. माणूस मेल्यावर चौघांच्या खांद्यावर चढतो, मी जिवंतपणी चढलो.

माझ्या जागी कुसगावचा गडी होता. एक तरी हिसका बसावा म्हणून मी वाट बघत होतो. बसला नाही. पायऱ्या गेल्या, वळण गेलं, खुर्ची पाटासारखी स्थिर. माझ्या वेळी ती उजवीकडे जराशी झुलायची आणि बसलेले लोक खुर्चीचा उजवा हात घट्ट धरायचे. ती झूल गेली होती. सूज ओसरो नाहीतर न ओसरो, आता माझी कुणाला गरज नव्हती. आई आत देवीपुढे माझा पाय मागत होती आणि मी बाहेर भिंतीला टेकून रडत होतो.

उतरताना परत तेच चौघं. डोली खाली कलली तसा भार पुढच्यांवर आला. मी त्या गड्याला म्हणालो, "उताराला मागं जात जा. आळीपाळीनं घ्या. ह्यानंच गेला माजा पाय."

तो मान न वळवता हसला. "मला काय हुतंय, भाऊ? तुमी खुशाल निजा." आणि त्यानं पाऊल आणखी लांब टाकलं. त्याचे गुडघे माझ्या डोळ्यांसमोर वाकत होते. त्यांच्यावर माझंच वजन होतं आणि मला खाली उतरता येत नव्हतं.