नळ आल्याची आरोळी आणि माझा मिक्स

मित्रांनो, आज अख्ख्या गल्लीच्या शिव्या खाल्ल्या, तरी मी खुश आहे.

मी लातूरला घरी बसून टेक्नोचे मॅशअप करतो, म्हणजे धडधडत्या ठेक्यांचे तुकडे एकमेकांत मिसळतो, आणि पॉडकास्टवर टाकतो. मागचा मिक्स रेकॉर्ड करताना माईक चुकून चालूच राहिला. आमच्याकडं नळ आठ-दहा दिवसांनी येतो. ज्याला आधी दिसेल, त्यानं ओरडून गल्लीला सांगायचं. नेमकं बीट थांबलं आणि आईची आरोळी आत शिरली, "नळ आलाऽ गंऽ!"

ती अशी फिट्ट बसली की मी काढली नाही. उलट चार वेळा फिरवली.

आज दुपारी खिडकी उघडी ठेवून तोच मिक्स मोठ्यानं लावला. बघतो तर बायका हंडे घेऊन बाहेर, आणि नळ कोरडे! आई अंगावर धावली, "लोकांची चेष्टा करायलास का?"

शेजारच्या सुगलाबाईंनी मात्र हंडा पालथा घालून ठेका धरला. "असू दे ओ. आलीच हाय तर ऐकते की. लई भारी वाजतंय."

संध्याकाळी खरंच नळ आला. आई घसा ताणून ओरडली. एकही दार उघडलं नाही.

सुगलाबाई आतूनच म्हणाल्या, "आवाज वाढव की रे!"

शेवटी मीच दारोदार पळालो. आता तुम्हीच सांगा, आईची आरोळी ठेवू का काढू?