भट्टीत न गेलेले खटके

कारखान्यात त्याला सगळे ‘मायक्रॉन’ म्हणायचे. पोलादाच्या तुकड्यावर क्रोमचा थर किती चढलाय, हे तो अंगठ्याचं नख फिरवून सांगायचा, आणि मागून मोजणारं यंत्र मुकाट्याने त्याच्या होला हो मिळवायचं. एकतीस वर्षं क्रोम चढवायच्या टाक्यांच्या वाफेत काढून त्याला वास येणं मात्र पार बंद झालं होतं. बायको म्हणायची, “भाजी करपली तरी कळत नाही. असा नवरा शोधून सापडायचा नाही.”

गेली सहा-सात वर्षं त्यांच्याकडे पेंटबॉलच्या बंदुकांचे भाग येत. रंगाच्या गोळ्या एकमेकांवर झाडायचा हा खेळ. बंदूक खेळातली असली, तरी तिच्या आतली हातोडी दर गोळीला पुढे धावते, आणि तिला अडवून धरणारा नखाएवढा खटका हजारो वेळा घासला जातो. त्यावर कडक क्रोम चढवलं की तो झिजत नाही. पण टाकीतून निघताना पोलाद हायड्रोजन पिऊन बसलेलं असतं. चार तासांच्या आत भट्टीत भाजून तो वायू काढावा लागतो. नाहीतर तुकडा वरून आरसा आणि आतून बिस्कीट. कधी तडकेल, नेम नाही.

एका मंगळवारी भट्टीची कॉइल जळाली. तीनशे वीस खटके नुकतेच टाकीतून निघाले होते.

“नवी कॉइल परवा येईल,” मालक म्हणाला. “माल उद्याच जायचाय.”

“मग हा भंगारात टाका. परवा भाजून काही उपयोग नाही.”

“अरे, खेळातल्या बंदुका त्या! तुटला खटका तर नवा बसवतील. विमानाचं चाक आहे का?”

मालक वाईट माणूस नव्हता. मायक्रॉनच्या आईच्या अखेरच्या आजारात तिला स्वतः गाडीत घालून त्यानेच इस्पितळात नेलं होतं. मायक्रॉनने भट्टीच्या कागदावर नेहमीचं तापमान लिहिलं, नेहमीचे तास लिहिले आणि खाली सही ठोकली.

तिसऱ्या आठवड्यात बातमी आली. खेळ संपवून मंडळी मैदानाबाहेरच्या बाकांवर बसली होती. तोंडावरचे मुखवटे काढलेले. एकजण बंदूक पुसत होता, घोड्याला बोटही लागलं नव्हतं. आत खटका तडकला आणि गोळी सुटली. समोर हातभरावर बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीचा उजवा डोळा गेला.

मालकाने सगळ्यांना जवळ बोलावलं. “पोलादच खराब आलं होतं. कोणी विचारलं तर एवढंच सांगायचं.” आठही कामगारांनी माना डोलावल्या. मायक्रॉननेही.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. काय बोललो, काय लिहिलं, सही कशी केली. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. मग तिने एकच विचारलं, “बाकीचे तीनशे एकोणीस कुठेत?”

बातमी आल्यापासून तो फक्त त्या एका खटक्याचाच विचार करत होता, आणि तोही स्वतःच्या भीतीपोटी.

सकाळी तो तपास अधिकाऱ्यासमोर जाऊन बसला आणि म्हणाला, “तो कागद खोटा आहे. मी लिहिलाय.”

बंदुका परत मागवल्या गेल्या. तपासणीत एकेचाळीस खटक्यांना केसाएवढ्या भेगा निघाल्या. कारखान्याला टाळं लागलं. मालकाला तुरुंगवास झाला, मायक्रॉनला पाच महिने. सुटून आला तेव्हा जुने सोबती रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागले होते. एकाची बायको त्याच्या बायकोला भर दुकानात म्हणाली, “आमच्या चुली विझवून तुमचा नवरा साधू झाला.”

एका दुपारी बायकोला खाली थांबवून तो त्या मुलीच्या घरी गेला. दार वडिलांनी उघडलं. नाव ऐकताच ते दार लावायला लागले, पण आतून ती म्हणाली, “बाबा, येऊ द्या.”

ती खिडकीशी बसली होती. तिने त्याच्याकडे बघण्यासाठी पूर्ण मान वळवली. ते वळणं बघून, रस्ताभर जुळवून आणलेलं सगळं तो विसरला.

“भट्टी बंद होती, हे तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“आणि खटका तुटू शकतो, हेही?”

“हो. सगळं माहीत होतं.”

“मग?”

मालकाचं नाव, आईचं आजारपण, एकतीस वर्षं, काहीच तोंडातून निघेना.

“जा तुम्ही,” वडील म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी.

तो जिना उतरला. बायको खाली फाटकाशी उभी होती. दोघं बसची वाट न बघता चालायला लागली.